मोती तलावाचे पाणी आणि विसर्जनाचे पावित्र्य

अनंत चतुर्दशीला जालना शहरातील मिरवणुका परंपरेने मोती तलावाकडे वळतात. ज्या जलात श्रीगजाननाला निरोप द्यावयाचा, त्या जलाची पुढे काय अवस्था होते, हा प्रश्न आता न्यायालयापर्यंत पोहोचला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०२० मध्ये ती सुधारून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींस मनाई केली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास मुभा दिली. मात्र नैसर्गिक जलाशयांत त्यांच्या विसर्जनास दिली नाही. पुढे २४ जुलैच्या आदेशाने सहा फुटांपर्यंतच्या अशा मूर्तींचे विसर्जन मार्च २०२६ पर्यंत कृत्रिम तलावांतच करणे बंधनकारक झाले.

या निर्बंधांचे मर्म समजण्यासाठी पाण्यातील सूक्ष्म सृष्टीचा ऋतुक्रम पाहावा लागतो. पावसाळ्यात ओढ्यानाल्यांतून येणाऱ्या गढूळ पाण्याबरोबर जिवाणू तलावात उतरतात. परंतु गढूळपणामुळे प्रकाश खोल जात नाही, म्हणून शेवाळाची वाढ रोखली जाते. भाद्रपद सरता सरता पाणी निवळते, ऊन तापते आणि शेवाळास अनुकूल काळ येतो. आपले विसर्जन नेमके याच संधिकाळात होते! निर्माल्य, दूर्वा आणि नैवेद्य कुजविताना जिवाणू पाण्यातील प्राणवायू खर्च करतात, आणि त्यातून सुटणारे नत्र व स्फुरद शेवाळाचे खाद्य बनतात. थंडीत ही वाढ मंदावते. उन्हाळ्यात पाणी आटून तीच द्रव्ये दाट होतात, आणि नीलहरित शेवाळ पुन्हा डोके वर काढते. त्याच्या काही जाती विषारी असतात.

ऋतूप्रमाणे स्थळानेही फरक पडतो. नीलहरित शेवाळ तरंगते आणि वाऱ्याने एका काठाशी गोळा होते. जिवाणूंची दाटी नाल्यांच्या मुखाशी आणि घाटालगत अधिक असते. प्लास्टर लवकर विरघळत नाही, तळाशी साचते. तेथील प्राणवायूहीन गाळात काही जिवाणू त्यातील सल्फेटपासून कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी असलेला वायू निर्माण करतात.

कोकणकिनारी समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते. खाड्यांतील पाणी काही अंशी तरी पालटते. मराठवाड्यातील तलावाला भरती नाही. जे त्यात पडले, ते बव्हंशी तेथेच राहिले. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले. पाणी घटून क्षारता वाढल्याने लवणप्रिय सूक्ष्मजीव फोफावले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून पुढे आले. त्या रंगाचा विसर्जनाशी संबंध नव्हता. पण बंदिस्त पाणी किती लवकर पालटते, याचा तो दाखला होय.

अर्थात, सारा दोष भाविकांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. विसर्जन काही दिवसांचे, सांडपाणी बारमाही. त्याच्या शुद्धीकरणाची जबाबदारी नगरप्रशासनाची आहे, आणि ती पार न पाडता केवळ उत्सवावर बोट ठेवणे अपुरे आहे. कृत्रिम तलावातील पाणी व गाळ पुढे नाल्यात सोडला, तर तोही उपाय निष्फळ ठरेल.

तथापि, २०१२-१३ चा दुष्काळ ज्या जालन्याने सोसला, त्याला पाण्याचे मोल निराळे सांगावयास नको. पार्थिव पूजेत मूर्ती मृत्तिकेचीच असते. प्लास्टर ही अलीकडची सोय आहे. शाडूची लहान मूर्ती घरीच बादलीत विसर्जित करून ती माती तुळशीवृंदावनात किंवा झाडाखाली घालावी, निर्माल्याचे खत करावे. उत्तरपूजेनंतर मूर्ती जलार्पण करावी, एवढेच शास्त्रास अभिप्रेत. ते जल तलावाचेच असावे, असा आग्रह नाही. ज्या जलाला आपण देवत्व देतो, ते निर्मळ राखणे हेही पूजेचेच अंग आहे.