राख हलविली, हवा कोणी मोजली?

दूषित जागेवरील घाण उचलून नेली की काम संपले, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्याकडे सरकारदरबारी आणि जनमानसातही रूढ झाली आहे. नागपूरच्या उत्तरेस असलेल्या कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांच्या राखेविषयी जे बोलले जाते, ते बहुतांशी याच समजुतीवर उभे असते. आमचे मत याच्या उलट आहे. राख उकरली जात असताना शेजारच्या वस्तीतील हवा मोजली जात नसेल, तर त्या कामास सफाई म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.

प्रश्न नवा नाही. मंथन अध्ययन केंद्र आणि नागपूरचे सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट यांनी इतरांच्या साहाय्याने २०२१ मध्ये या परिसरातील पाण्याचे व राखेचे नमुने तपासून प्रदूषणाचा अहवाल प्रसिद्ध केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी पारशिवनी तालुक्यातील नांदगाव येथे राख टाकणे थांबविण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये, अतिवृष्टीत, खसाळा येथील राख बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व नाल्यांत शिरले. दरम्यान ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने वीज केंद्रांकडे साठलेली जुनी राख दहा वर्षांत वापरात आणण्याचे बंधन घातले. बंधन योग्यच आहे. परंतु त्याचा अर्थ असा, की पुढील अनेक वर्षे जागोजागी हे ढिगारे उकरले जाणार आणि ट्रकांतून गावांमधून नेले जाणार.

राखेचा स्वभाव येथे ध्यानात घ्यावयास हवा. केंद्रातून ती पाण्यात कालवून नळाने बंधाऱ्यात सोडतात; ओली असते तोवर ती निमूट पडून राहते. उन्हाळ्यात वरचा थर सुकतो आणि वैशाखातील वावटळ तो उचलते. उकरणाऱ्या यंत्राने फावडे घातले की आतली राखही मोकळी होते. ताडपत्री न बांधलेला ट्रक ती रस्ताभर सांडत जातो. तिचे अतिबारीक कण फुप्फुसात खोलवर उतरतात आणि त्यांत सिलिका असते. म्हणजे वर्षानुवर्षे एका खड्ड्यात असलेले संकट, मापनाविना काम केले तर, आपण घरोघर वाटून येतो.

यावर ठरलेले उत्तर मिळते, की चिमणीतून निघणारे उत्सर्जन मर्यादेत आहे. असेलही! पण राख बंधाऱ्याला चिमणी नसते. नागपुरात सतत हवा मोजणारी सिव्हिल लाइन्स, अंबाझरी, महाल आणि रामनगर येथील चारही केंद्रे शहरात आहेत. महालातील आकड्यावरून वारेगावच्या अंगणातील श्वास कसा कळावा?

दुसरी मेख सरासरीची. आपल्या राष्ट्रीय मानकानुसार दहा मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण चोवीस तासांच्या सरासरीने दर घनमीटरास १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ४५ सुचविली. आता समजा, दुपारी चार तास गाव धुळीत बुडाले आणि रात्री यंत्रे थांबल्यावर हवा निवळली. दिवसाची सरासरी तरीही निर्दोष दिसू शकते. दम्याचा रोगी मात्र चोवीस तासांच्या सरासरीने श्वास घेत नाही. म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगास एक आणि वस्तीच्या अंगास एक, असे दोन मापक ठेवून दर तासाचे आकडे पाहावे लागतात. त्या दोहोंतील फरक म्हणजे आपल्या कामाने उडविलेली धूळ. ती वाढली की काम तेथेच थांबले पाहिजे.

नागपूरकरांस हे सांगावे लागावे, याचे आम्हांस विशेष वाईट वाटते. जुलै २०११ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील सुमारे साडेतीनशे टन विषारी कचरा बुटीबोरीजवळच्या बोरखेडी येथील भट्टीत जाळण्याचा आदेश मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने दिला, तेव्हा विदर्भ खवळून उठला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले आणि कचरा येथे आला नाही. अखेर जानेवारी २०२५ मध्ये तो पीथमपूरला गेला, तेथील लोकांच्या विरोधास न जुमानता जाळला गेला, आणि चुना मिसळल्यामुळे मूळ कचऱ्याहून अधिक राख मागे उरली. भोपाळच्या दूषित मातीचा अंदाज २०१० मध्ये आपल्याच शहरातील नीरीने मांडला होता. तो होता अकरा लाख टन. त्या मातीला अद्याप कोणी वाली नाही. दुसऱ्याचे विष दाराशी येताना जो आवाज उठला, तो स्वतःच्या राखेबाबत इतका क्षीण का?

विदर्भाने धूर सोसावा आणि वीज मुंबई-पुण्याने वापरावी, ही तक्रार खरी आहे; परंतु ती वारंवार उगाळण्यात आपण समाधान मानू लागलो आहोत. त्याऐवजी वाचकहो, मागणे नेमके असावे. राख उकरण्याच्या प्रत्येक कंत्राटात वस्तीतील मापनाची अट असावी. मापक ठेकेदाराच्या ताब्यात नसावेत. दर तासाचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहिला जावा आणि तो मर्यादेबाहेर गेल्यास काम थांबविण्याचा अधिकार गावास लेखी मिळावा. मापक ठेवण्यास जागा नाही, असे कोणी म्हणेल, तर त्या पट्ट्यातील शाळांच्या गच्च्या उपलब्ध आहेत. त्या शाळांच्या पालकसभांनी हा ठराव येत्या उन्हाळ्यापूर्वी मंजूर करून जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवावा, आणि पोहोच घेतल्याशिवाय कचेरीतून परतू नये.