उसने ओरखडे

जळकोटच्या काही ख्रिस्ती तरुणांनी गेल्या नाताळापूर्वी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एक भजन जुन्या तबकडीच्या धाटणीने ध्वनिमुद्रित करण्याचे ठरवले. पेटी आजोबांच्या काळची, भात्यातून मधूनच सुस्कारा टाकणारी. तुणतुणे घरीच केलेले: तेलाच्या गोल डब्याचा तळ कापून तेथे कातडे ताणले, कडेला बांबूची काठी बांधली आणि कातड्याच्या मध्यातून काढलेली तार वरच्या खुंटीला गुंडाळली. माळेगावच्या खंडोबा यात्रेत वाघ्यांच्या हाती दिसते तेच हे वाद्य, फक्त लाकडी खोडाऐवजी पत्र्याचे. हलगी मात्र पिढीजात, एका मुलाच्या घरी खुंटीवर टांगून ठेवलेली.

एकाच ध्वनिग्राहकापुढे सारे बसले. गायक जवळ, मागे पेटी, त्यामागे तुणतुणे आणि हलगी थेट दाराबाहेर. आवाज लहानमोठा करायचा तो अंतराने. थंडीत हलगीचे कातडे सैल पडे, म्हणून दर खेपेला पाचट पेटवून ती शेकावी लागे. कोणी चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. मी त्या रात्री तेथे होतो. असे मन लावून केलेले गाणे मी पुष्कळ दिवसांत ऐकले नव्हते.

पुढे ते मुद्रण ‘सफाई’साठी शहरातील एका ध्वनिमुद्रणगृहात गेले. परत आले तेव्हा हलगीचा ठोका दाबून त्यावर संगणकातील ढोल चढवलेला होता आणि सगळ्यावर तबकडीची खरखर पसरली होती. “आता जुनं वाटतं,” असा शेराही मिळाला.

जुने म्हणजे काय, हे या मंडळींना कोणी तरी विचारायला हवे. 1902 साली कलकत्त्यात फ्रेड गैसबर्गने गौहर जानचे गाणे मुद्रित केले तेव्हा ध्वनिग्राहक नव्हताच. कर्ण्यात तोंड घालून गायचे, तीनएक मिनिटांत आटपायचे आणि चूक झाली तर मेणाची चकती बाद. विजेवरचे मुद्रण आले ते 1925 नंतर. त्या गाण्यांना जी धार होती ती या अडचणीतून आली. आपण ऐकतो त्या खरखरीचा बराचसा भाग गाण्याचा नव्हेच. ती लाखेच्या तबकडीची झीज आहे. कोणा घरात सुई शेकडो वेळा फिरली, मुलाबाळांनी हाताळली, म्हणून ती आली. एकदाही न वाजलेल्या गाण्यावर ती विकत आणून चढवणे म्हणजे न नेसलेल्या लुगड्याला ठिगळ लावणे होय. आणि ज्या हलगीने गाण्याला खरोखर जुनेपण दिले होते, नेमकी तीच काढून टाकली!

मात्र सगळा दोष शहराच्या माथी मारून मला सुटता येत नाही. हलगी नको, असे प्रथम म्हणाले ते आमच्यातलेच वडीलधारे. ‘आम्ही ती सोडली म्हणून माणसांत आलो,’ हे त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. मराठवाड्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज मातंग. गावच्या लग्नात, पोळ्याला, मयतीला हलगी वाजवणे हा त्यांचा हौसेचा भाग नव्हता. ते वेठीचे काम होते. मोबदला शिळ्या भाकरीचा आणि नकार दिला तर बहिष्कार. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 1963 साली उपासनेविषयीच्या संविधानात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान द्यावा असे सांगितले, ते योग्यच होते. पण ती परंपरा कोणाच्या पाठीवर उभी होती, हे महासभा सांगणार नाही. ते आपल्याच घरांत बोलले गेले पाहिजे.

तरीही त्या वडीलधाऱ्यांना माझा प्रश्न आहे. हुकमाने वाजवलेली हलगी आणि आपल्या प्रार्थनेसाठी आपण होऊन उचललेली हलगी एकच का? पेटी तर युरोपातून आली. आकाशवाणीने 1940 पासून सुमारे तीस वर्षे तिला बंदी केली, तरी आपण तिला वेदीजवळ बसवले. मग अपमान सोसलेल्या वाद्यालाच तेवढी दाराबाहेरची जागा का? त्या रात्री हलगी बाहेर बसवली ती आवाजासाठी, हे खरे. पण मुलाची आजी उंबऱ्यातून ते पाहत होती आणि तिला काय वाटले असेल, हे मला विचारवले नाही.

आता मुलांनी ते सफाईदार मुद्रण बाजूला ठेवले आहे. ईस्टरपूर्वी पुन्हा बसायचे ठरते आहे, खरखरीवाचून. यादीत ‘वाद्यसाथ’ एवढाच मोघम शब्द होता, हलगीवाल्याचे नाव नव्हते. गौहर जान तबकडीच्या शेवटी स्वतःचे नाव पुकारीत असे, कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीत हॅनोव्हरला आणि तिथल्या कारागिरांना गायिका कोण हे कळावे लागे. जुन्या तबकडीची नक्कल करायचीच असेल तर मुलांनी ही करावी: गाणे संपताच एकेकाने पुढे होऊन आपले नाव सांगावे, हलगीवाल्याने सर्वांत आधी.