संघ कोणाचा? साऊथ सिडनीची १०० वर्षांची साक्ष

१/ क्रीडासंघ कोणाच्या मालकीचा असतो? पैसा घालणाऱ्याचा, स्पर्धा भरवणाऱ्याचा, की पिढ्यान् पिढ्या त्याच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या वस्तीचा? साऊथ सिडनी ‘रॅबिटोज’ या रग्बी लीग संघाचा इतिहास या प्रश्नाला थेट भिडतो. आजचा थ्रेड त्यावर.

२/ रग्बी लीग म्हणजे १३ खेळाडूंची रग्बी. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधील क्लब मूळ संघटनेतून बाहेर पडले. सामन्यापायी बुडणाऱ्या मजुरीची भरपाई कामगार खेळाडूंना मिळावी, ही त्यांची मागणी फेटाळली गेली होती. या खेळाचा जन्मच श्रमिकांच्या हक्कातून झाला.

३/ हे लोण सिडनीत पोहोचले. १७ जानेवारी १९०८ रोजी रेडफर्न टाऊन हॉलमध्ये साऊथ सिडनीची स्थापना झाली. रेडफर्न ही कामगारांची दाट वस्ती, पुढे आदिवासी समाजाचेही मोठे केंद्र. दारोदार ससे विकणाऱ्यांवरून संघाला हे नाव पडले, असे परंपरा सांगते. पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळाले. १९७१ पर्यंत एकूण २०.

४/ १९९५ पासून दूरचित्रवाणीच्या हक्कांवरून संघर्ष पेटला. रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज लिमिटेडने ‘सुपर लीग’ उभारली आणि १९९७ मध्ये दोन स्पर्धा समांतर झाल्या. मग तह झाला. त्यातील एक अट अशी की २००० पासून संघ १४ च राहतील. ऑक्टोबर १९९९ मध्ये साऊथ सिडनीला वगळण्यात आले.

५/ अध्यक्ष जॉर्ज पिगिन्स स्वतः संघाचे माजी खेळाडू. त्यांनी माघार घेतली नाही. हजारो माणसे सिडनीच्या रस्त्यांवर उतरली. जुलै २००१ मध्ये फेडरल न्यायालयाच्या पूर्णपीठाने २ विरुद्ध १ मतांनी संघाच्या बाजूने कौल दिला. २००२ मध्ये संघ मैदानात परतला.

६/ बहुतेक जण कथा येथेच संपवतात. परंतु २००३ मध्ये हायकोर्टाने, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो निकाल फिरवला. १४ संघांची अट बेकायदेशीर नव्हती! तरीही संघ खेळतच राहिला. ‘न्यायालयाने संघ वाचवला’ हे विधान म्हणूनच अपुरे आहे. कायद्याचा आधार गेल्यावरही संघाला पुन्हा बाहेर काढणे अशक्य झाले, ते माझ्या मते रस्त्यावर उतरलेल्या माणसांमुळे.

७/ दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. आर्थिकदृष्ट्या दुबळे संघ किती काळ पोसायचे, हा प्रश्न रास्त होता. २००६ मध्ये याच संघाची ७५ टक्के मालकी अभिनेते रसेल क्रो आणि उद्योजक पीटर होम्स आ कोर्ट यांच्याकडे गेली. पिगिन्स यांचा त्याला विरोध होता. मात्र या वेळी निर्णय सभासदांच्या मतदानाने झाला. १९९९ मध्ये त्यांना कोणी विचारले नव्हते. मला हा भेद निर्णायक वाटतो.

८/ ५ ऑक्टोबर २०१४. अंतिम सामन्यात कॅन्टरबरी बुलडॉग्जवर ३०-६ असा विजय. ४३ वर्षांनंतरचे, एकूण २१ वे विजेतेपद.

९/ संघाचे भांडवल विकता येते, सभासदांनी ते विकलेही. पण वस्तीला न विचारता तिचा संघ पुसून टाकण्याचा अधिकार कोणत्याही करारातून मिळत नाही. इतिहास वाचताना करार आणि निकालपत्रे जरूर वाचा. त्यांच्या विरोधात उभे राहिलेल्यांची नोंदही तितक्याच काळजीने घ्या.

तुमचे मत काय? संघ खरा कोणाचा?