उसन्या वहीवरची विद्या

शहापूर आणि मुरबाड हे तालुके मुंबई-ठाण्याच्या वाचकास बहुधा पाण्यासाठी आणि पावसाळी सहलीसाठी ठाऊक असतात. १८९२ साली पुरा झालेला तानसा तलाव आणि त्याच्या मागाहून आलेले भातसा धरण यांनी महानगराची तहान आजवर भागविली आहे, आणि माळशेजच्या धबधब्यांची वर्णने दर श्रावणात नव्याने लिहिली जातातच. तेथील मुलामुलींच्या महाविद्यालयीन शिक्षणाविषयी मात्र शहरात सहसा कोणी बोलत नाही. तो विषय आज आम्ही पहिल्या पानावर घेत आहोत. कारण, त्या शिक्षणाचा एक भाग आता बाजारात तयार मिळू लागला आहे, आणि तो विकत घेणाऱ्या विद्यार्थिनींपैकी काही जणी उद्या रुग्णाच्या उशाशी उभ्या राहावयाच्या आहेत.

महाविद्यालयांत ‘सबमिशन’ नावाचा एक हंगाम असतो. सत्र संपत आले की प्रत्येक विषयाची फाईल, जर्नल, प्रकल्प, असाइनमेंट अशा नाना नावांची लिखापढी प्राध्यापकांच्या मेजावर जमा करावयाची असते. अंतर्गत गुण तिच्यावर अवलंबून असल्यामुळे ती टाळता येत नाही, आणि पाच-सहा विषयांची एकदम अंगावर आल्यामुळे नीट करताही येत नाही. अशा वेळी जवळचे झेरॉक्सचे दुकान विद्यार्थ्याच्या मदतीस धावून येते. गेल्या वर्षीची फाईल तेथे असतेच. नाव, हजेरी क्रमांक आणि वर्ष तेवढे बदलले की काम भागते. हस्ताक्षरातच फाईल हवी असेल तर पानाच्या हिशेबाने लिहून देणारेही मिळतात. मुक्त विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी सोडविलेले स्वाध्याय राजरोस विकले जातात. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत स्वाध्यायांना ३० टक्के भारांक आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या धंद्याची बरकत कळते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरल्यापासून तर दुकानापर्यंत जाण्याचेही कष्ट उरले नाहीत. प्रश्न मोबाईलवर टाकावा, चहा निवण्याच्या आत निबंध हजर.

हे केवळ शहापूर-मुरबाडला घडते असे नाही; पुण्या-मुंबईच्या नामांकित महाविद्यालयांतही हेच चालते, आणि अधिक सफाईने चालते. परंतु या दोन तालुक्यांत त्याची कारणे अधिक खरी आहेत आणि परिणाम अधिक कठोर आहेत. शहापूरच्या आतल्या पाड्यावरून निघालेला मुलगा पायी, मग जीपने, मग आसनगावहून लोकलने असा कल्याणला पोहोचतो. मुरबाडला अद्याप रेल्वेच नाही. तेथे एसटीवर भिस्त. भाताच्या लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत घरातील प्रत्येक हात शेतावर हवा असतो. दहावीपर्यंतचे शिक्षण आश्रमशाळेत मराठीतून झालेल्या ठाकूर वा कातकरी मुलीने परिचर्येच्या वर्गात पाऊल टाकले की समोर जाडजूड इंग्रजी ग्रंथ येतात. शहरी मुलगा फाईल विकत घेतो तो बहुधा आळसाने. ही मुलगी घेते तेव्हा तिला निम्मी वाक्ये समजलेलीच नसतात, आणि न समजल्याची कबुली देण्यापेक्षा उतरून काढणे तिला सुरक्षित वाटते. शिक्षकी पेशात काही वर्षे घालविलेल्या कोणासही हे भय मुलांच्या चेहऱ्यावर वाचता येते.

परिचर्येच्या अभ्यासक्रमाचे स्वरूपच असे आहे की त्यात शास्त्र आणि सामान्य विषय एकत्र नांदतात. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये जारी केलेल्या बी. एस्सी. परिचर्येच्या सुधारित अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात शरीररचना आणि शरीरक्रिया यांच्या जोडीला इंग्रजी संभाषण, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वे हे विषय येतात. योजना उत्तम आहे. रोगी हा केवळ अवयवांचा समुच्चय नसतो, त्याला घर असते, जात असते, देवऋषी असतो, सावकार असतो, हे परिचारिकेस कळले पाहिजे. पण घडते काय? समाजशास्त्राच्या फाईलीत ‘आदिवासी समाजाची वैशिष्ट्ये’ असा विषय येतो, आणि जिचा जन्मच ठाकूरवाडीत झाला, जिच्या घरी बाळंतिणीला काय खाऊ घालतात, तापात प्रथम कोणाकडे नेतात हे जिने डोळ्यांनी पाहिले आहे, ती मुलगी कोठल्या तरी पुस्तकातील दोन पाने उतरून देते. त्या पानांत तिच्या लोकांचे वर्णन कोणी परक्याने परक्यांसाठी केलेले असते. वर्गात त्या विषयाचे सर्वाधिक ज्ञान तिच्याजवळ असते आणि तिला गुण मिळतात ते नकलेबद्दल! याहून मोठा विनोद आमच्या विद्यापीठांना आजवर साधला नसेल.

सामान्य विषयांतील नकलेने नुकसान होते ते विद्यार्थ्याचे. पर्यावरणाचा प्रकल्प उसना घेतलेला पदवीधर जगाच्या पाठीवर कोणाचा जीव घेत नाही. परिचर्येत मात्र हिशेब निराळा आहे. तेथील ‘केस स्टडी’ अथवा शुश्रूषा-योजना म्हणजे एका विशिष्ट रुग्णाच्या तक्रारी, तपासणीतील आकडे, त्यावरून ठरविलेली शुश्रूषा आणि तिचा परिणाम यांची नोंद असते. रुग्ण न पाहता ती लिहावयाची तर आकडे मनाने घालावे लागतात. ताप ९८.६, नाडी ७८, श्वसन १८, असे सोज्वळ आकडे लिहिण्याची सवय पहिल्या वर्षात लागली की ती नोकरीतही सुटत नाही. बाळंतपणाच्या आलेखाचे उदाहरण घ्या. कळा सुरू झालेल्या स्त्रीच्या पोटातील बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने ऐकून त्या आलेखावर मांडावयाचे असतात; बाळ अडले, गुदमरू लागले तर त्या रेषा वेळीच धोका दाखवितात. तोच आलेख बाळंतपण आटोपल्यावर एका बैठकीत भरला तर कागद पूर्ण होतो आणि त्याचा उपयोग शून्य होतो. डोळखांबच्या किंवा धसईच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता डॉक्टर जवळ असतोच असे नाही. दर पावसाळ्यात या डोंगराळ मुलखातून गर्भवतीला डोलीतून रुग्णालयाकडे नेल्याच्या बातम्या येतात. त्या डोलीला निघण्याचा हुकूम वेळेवर देणे वा न देणे बऱ्याचदा एका परिचारिकेच्या नोंदीवर अवलंबून असते.

बी. एस्सी. परिचर्येच्या जुन्या अभ्यासक्रमात विद्यार्थिनीने २० नैसर्गिक प्रसूती स्वहस्ते करून त्यांची नोंदवही सादर करावी अशी अट होती. अट योग्यच. पण एका प्रसूतिकक्षाभोवती पाऊणशे विद्यार्थिनी उभ्या केल्या तर वीस प्रसूती आणावयाच्या कोठून? मग एकाच बाळाचा जन्म आठ-दहा नोंदवह्यांत होतो. पुराणात एका देहाचे अनेक अवतार ऐकले होते. येथे एका अवताराचे अनेक जन्म पाहावयास मिळतात.

कागद म्हणजेच ज्ञान, ही समजूत टोकाला गेली की काय होते ते अमेरिकेने पाहिले आहे. जानेवारी २०२३ मध्ये तेथील संघराज्य तपास यंत्रणेने उघड केले की फ्लॉरिडातील तीन शिक्षणसंस्थांनी परिचर्येच्या सुमारे ७,६०० बनावट पदविका विकल्या. त्यांपैकी सुमारे २,४०० जणांनी परवान्याची परीक्षाही पार केली. म्हणजे वाचून उत्तरे देणे त्यांना जमले. रुग्णाच्या शेजारी काढावयाचे शेकडो तास तेवढे कोठेच नव्हते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ साली परिचर्येवर जे पुस्तक लिहिले त्यात रुग्णाच्या निरीक्षणास एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. या विद्येचा पायाच डोळ्यांनी पाहण्यात आहे, आणि पाहणे उसने घेता येत नाही.

कायदा करा, दुकाने बंद करा, अशी सूचना अशा वेळी हटकून पुढे येते. इंग्लंडने २०२२ साली दुसऱ्याच्या नावे स्वाध्याय लिहून देण्याचा धंदा गुन्हा ठरविला. आपल्याकडे विद्यापीठीय परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्राचा १९८२ चा कायदा आहे, आणि वाङ्मयचौर्याविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम आहेत. गंमत अशी की त्या विनियमांच्या व्याख्येतूनच असाइनमेंट, प्रकल्प-अहवाल आणि निबंध वगळलेले आहेत. प्रबंध चोरणारा सापडेल, फाईल चोरणारा सापडणार नाही. तरीही आम्ही नव्या कायद्याची मागणी करीत नाही. झेरॉक्सच्या दुकानदाराला पोलिसांकरवी दम भरून शिक्षण सुधारल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. जो माल कोणी उघडून पाहत नाही तो नकली असला काय आणि अस्सल असला काय! दुकान चालते ते या बेफिकिरीवर.

आणि ही बेफिकिरीही सरसकट प्राध्यापकांच्या माथी मारता येत नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावर अध्यापक नेमण्याचा प्रघात वर्षानुवर्षे चालू आहे. त्या अध्यापकास शिकविलेल्या तासाचे पैसे मिळतात. फाईल वाचण्याचा तास कोणी मोजत नाही. शंभर-सव्वाशे फाईली एका संध्याकाळी संपवावयाच्या तर पहिले पान, मधले पान आणि सही, एवढेच संभवते. तपासणी समितीपुढे गठ्ठा मांडता आला की सारे समाधानी. मुंबई विद्यापीठाने २०११-१२ मध्ये श्रेयांक पद्धती आणून ४० गुण अंतर्गत मूल्यमापनास दिले, पुढे ते प्रमाण बदलत गेले. त्यामागील हेतूविषयी आम्हांला शंका नाही. वर्षाअखेरच्या एका परीक्षेचे राज्य होते तेव्हा ‘अपेक्षित प्रश्नसंच’ पाठ करून पदव्या मिळत होत्या, ते दिवस परत यावेत असे कोण म्हणेल? पण वाचणारा न नेमता लिहिणे सक्तीचे केले, तेथेच घोडे पेंड खाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी काढलेल्या निर्णयानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प, समाजसंपर्क आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना श्रेयांक मिळतात. शहापूर, किन्हवली, शिवळे येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्यामुळे ही संधी त्यांच्याही दारी आली आहे. ती दवडली तर आणखी एक फाईल वाढेल, इतकेच. साधली तर मात्र या दोन तालुक्यांइतकी समृद्ध प्रयोगशाळा शहरातील कोणत्याही महाविद्यालयाजवळ नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यास ‘छोडो भारत’ चळवळीवर छापील चार पाने कशाला हवीत? ज्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले तो मुरबाड तालुक्यातच आहे. ती हकीकत घरात ऐकत आलेली माणसे आजही पायथ्याच्या गावांतून भेटतील. नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेखाकडे जाणारी वाट याच तालुक्यातून चढते. वाणिज्याच्या मुलाने म्हसाच्या जत्रेतील बैलांच्या खरेदी-विक्रीचा हिशेब मांडावा. धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले. तेथील किती दुकानांत आज ते यंत्र चालू आहे हे घरोघर विचारून आणावे. महानगराला पाणी देणाऱ्या शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर का येतो, दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर का जातात आणि त्यांच्या मुलांच्या शाळेचे काय होते, ही उत्तरे मोबाईलमधील यंत्र फार तर ढोबळपणे देईल; अमुक पाड्यावरच्या अमुक विहिरीला मार्चमध्ये किती पाणी होते हे त्याला ठाऊक नसते. असा अहवाल अशुद्ध मराठीत लिहिलेला असला तरी आम्ही त्याला गुळगुळीत इंग्रजी निबंधाहून अधिक गुण देऊ.

हा मार्ग या जिल्ह्याला अपरिचित नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, मुलांच्या अंगणात आणि गुरांच्या कुरणात शाळा नेली. बालवाडीला जे जमले ते महाविद्यालयाला जमू नये असे काही नाही.

परिचर्येपुरते बोलावयाचे तर आमच्या सूचना अगदी साध्या आहेत. फाईलींची संख्या निम्म्यावर आणावी. सामान्य विषयांचे स्वाध्याय मराठीतून लिहिण्यास मुभा द्यावी. रुग्ण मराठीतच कण्हतो. प्रत्येक केस स्टडीवर सही करण्यापूर्वी शिक्षिकेने विद्यार्थिनीस त्या रुग्णाच्या खाटेशी नेऊन पाच प्रश्न विचारावेत, आणि रुग्ण घरी गेला असेल तर त्याच्या केसपेपरशी वहीतील आकडे ताडून पाहावेत. प्रसूतींची संख्या पुरत नसेल तर प्रवेशसंख्या कमी करावी, किंवा विद्यार्थिनींना तालुक्याच्या रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत राहण्याची सोय करून पाठवावे. नोंदवहीत एकच बाळ दहादा जन्माला घालणे हा त्यावरील उपाय होऊ शकत नाही.

यास पैसा लागेल. तासिका तत्त्वावरील अध्यापकास वाचनाच्या तासांचा मोबदला द्यावा लागेल, आणि तो नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ व मुंबई विद्यापीठ या दोघांनी शासनाकडे मागितला पाहिजे. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. २०२४ च्या सप्टेंबरात त्यांची निवडणूक झाली तेव्हा आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी मतदान केले असेल. अधिसभेच्या येत्या बैठकीत हा प्रश्न त्यांच्यापैकी कोण मांडणार आहे, हे मतदारांनी त्यांना पत्र लिहून विचारावे.