आडनाव म्हणजे प्रायमरी की नव्हे

आमच्या टीममधल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने मध्यंतरी पैसे भरून एक फ्रेम मागवली. 'स्मिथ घराण्याचं' मानचिन्ह. ढाल, सिंह, खाली लॅटिन ब्रीदवाक्य. पणजोबा आयर्लंडच्या कॅव्हन काउंटीतून बोटीने अमेरिकेला आले, एवढंच त्याला माहीत. "स्मिथ म्हणजे आम्ही मूळचे इंग्लिशच असणार," असा निष्कर्ष काढूनही तो मोकळा झाला होता! मला म्हणाला, तू डेटावाला माणूस, कॅव्हनचे सगळे स्मिथ काढून दे. मी एक वीकेंड कबूल केला. चार गेले, आणि डोकं फिरलं. म्हणून हे लिहितोय.

आधी ती फ्रेम. मानचिन्ह माणसाला दिलं जातं, आडनावाला नाही. आडनाव टाइप करा आणि चिन्ह घ्या, हा निव्वळ धंदा आहे. पण माझा खरा राग आपल्या जातभाईंवर, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांवर आहे. वंशावळीच्या बहुतेक साइट्स उघडल्या की समोर काय येतं? आडनावाचा डबा आणि सर्चचं बटण. जणू आडनाव हीच प्रायमरी की.

आयर्लंडमध्ये ही की पहिल्याच दिवशी मोडते. कॅव्हनमधले बरेचसे स्मिथ मुळात मॅक गोवन, म्हणजे आयरिश भाषेत 'लोहाराचा मुलगा'. इंग्रजी राज्यात त्याचं सरळ भाषांतर झालं. कित्येकांनी 'ओ' आणि 'मॅक' गाळले, नातवंडांनी परत लावले. एकच आडनाव किती तऱ्हांनी लिहिलं जातं, याचं अख्खं पुस्तकच नोंदणी खात्याच्या रॉबर्ट मॅथेसन यांना काढावं लागलं. त्याची १९०१ ची आवृत्ती आजही उपयोगी पडते. आणि आपण काय वापरतो? साउंडेक्स, पेटंट १९१८ चं! त्यात पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवतात. त्यामुळे ओब्रायन होतो 'ओ-१६५' आणि ब्रायन 'बी-६५०'. सख्खे भाऊ दोन टोकांना. स्मिथ आणि मॅक गोवनचं तर नावच नको.

बरं, रेकॉर्ड तरी कसले? करवसुलीचे. १८२३ ते १८३७ मधल्या दशमांशाच्या वह्यांत शेतजमीन कसणाऱ्यांची नावं आहेत, कारण चर्च ऑफ आयर्लंडसाठी त्यांच्याकडून कर घ्यायचा होता, कॅथलिक शेतकऱ्यांकडूनसुद्धा. नंतर रिचर्ड ग्रिफिथ यांनी १८४७ ते १८६४ या काळात घरं आणि जमिनींचं मूल्यांकन छापलं, तेही कर ठरवायलाच. दोन्हींत वयं नाहीत, नाती नाहीत, मुलं नाहीत. ज्याच्या नावावर ताबा तोच दिसतो. भूमिहीन मजूर दशमांशाच्या वहीत नाहीच. बायका दिसतात त्या बहुतेक विधवा झाल्यावर. मधल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. तरी आपण त्या वह्यांना 'फॅमिली रेकॉर्ड' म्हणतो आणि त्यात नाव नसलं की "डेटा नॉट फाउंड" छापून मोकळे होतो. अरे, तो माणूस होता. त्याच्याकडून वसूल करण्यासारखं काही नव्हतं, एवढंच!

यावर ठरलेलं उत्तर येतं: "काय करणार, जनगणना जळाली ना." अर्धसत्य. यादवी युद्धात जून १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं दप्तर पेटलं, त्यात १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांचा बहुतेक भाग गेला, हे खरं. पण १८६१ आणि १८७१ ची पानं सरकारनेच नष्ट केली होती. १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धात कागदटंचाईपायी लगद्यात गेली. आगीला कशाला बोल लावता?

आणि हुशारी बघायची तर १९०९ च्या कारकुनाची बघा. सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन सुरू झालं, पण जन्मदाखले कुठले? सर्व जन्मांची सरकारी नोंद १८६४ पासूनची. मग म्हाताऱ्यांनी अर्ज केले की १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत आमचं वय शोधा. अर्जात काय भरायचं? आई-बापाचं नाव आणि टाउनलँड, म्हणजे वाडीएवढी जागा. तशा साठ हजारांवर आहेत. कारकून आधी जागा काढायचा, मग घर, मग माणूस. मूळ पानं जळाली, पण यातल्या बऱ्याच शोधांचे कागद वाचले. आपल्याकडे 'कर' लावून गाव आडनावातच बांधून दिलेलं असतं, तरी हे आपल्याला सुचत नाही!

मीही शेवटी तेच केलं. स्क्रिप्ट फेकून दिली, सहकाऱ्याला घरातलं जुनं काहीतरी शोधायला लावलं. आजीच्या प्रार्थनापुस्तकात टाउनलँडचं नाव सापडलं. १९०१ आणि १९११ ची जनगणना ऑनलाइन फुकट आहे. तिथे आडनावाचा रकाना रिकामा ठेवून फक्त जागा टाकली. १९११ च्या फॉर्मवर घर मिळालं. स्मिथ, कॅथलिक. म्हाताऱ्या सासूपुढे भाषेच्या रकान्यात 'आयरिश व इंग्रजी'. इंग्लिश म्हणे!

त्याच फॉर्मवर पणजोबांच्या आईपुढे दोन आकडे होते: जन्मलेली मुलं ९, हयात ६. तीन मुलं, ज्यांची नावं कुठल्याही करवहीत येणं शक्य नव्हतं. सहकारी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्या तिघांना सर्च कसं करायचं?"

माझ्याकडे उत्तर नाही. पण पुढच्या वेळी कुणी सर्चचा डबा बनवायला सांगितलं, तर पहिला रकाना जागेचा असेल. आडनाव खाली, ऐच्छिक.