रुग्णालयाच्या दारात युद्धविरोध : आवाज कोणाला ऐकवायचा?

युद्धाच्या विरोधात लोकांनी रस्त्यावर येणे हा लोकशाहीतील अधिकार आहे आणि तो वापरलाच पाहिजे. पण कोणत्या दारासमोर उभे राहायचे, हे प्रत्येक आंदोलनाला ठरवावे लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील टोरांटो शहरात गाझावरील हल्ल्यांच्या निषेधाचा मोर्चा माउंट सिनाई रुग्णालयासमोरून गेला. ज्यू समाजाने उभारलेले हे रुग्णालय. पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी मोर्चेकऱ्यांच्या वागण्याचा निषेध केला. रुग्णालय आमचे लक्ष्य नव्हते, ते मोर्चाच्या वाटेवर होते, असे आयोजकांनी सांगितले. पण त्या मोर्चाची चर्चा गाझातील मृतांपेक्षा रुग्णालयाच्या दाराभोवतीच जास्त झाली.

रुग्णालय लष्कराचे असेल आणि आत त्याच युद्धात हातपाय गमावलेले सैनिक असतील, तर हा प्रश्न आणखी कठीण होतो. अमेरिकेत वीस वर्षांपूर्वी नेमके हेच घडले. आज आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी त्या घटनेचा अभ्यास करायला हवा.

वॉल्टर रीडसमोरचे शुक्रवार

मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. ज्या संहारक शस्त्रांचे कारण पुढे केले होते ती कधीच सापडली नाहीत. या युद्धात ४,४०० हून अधिक अमेरिकी सैनिक मेले, सुमारे ३२,००० जखमी झाले. मारल्या गेलेल्या इराकी नागरिकांची संख्या तर एक लाखाच्या पुढे जाते. गंभीर जखमी सैनिकांना आधी जर्मनीतील लांडश्टूलच्या लष्करी रुग्णालयात आणि तेथून वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात आणले जाई.

'कोड पिंक' ही २००२ साली महिलांनी सुरू केलेली युद्धविरोधी संघटना. २००५ मध्ये तिच्या कार्यकर्त्या आणि इतर युद्धविरोधक दर शुक्रवारी संध्याकाळी वॉल्टर रीडच्या फाटकासमोर जमू लागले. जखमी सैनिकांना योग्य उपचार आणि लाभ मिळावेत, ही त्यांची मागणी होती. पण त्या गर्दीत काही फलक असे होते की, तुम्ही एका खोट्यासाठी अपंग झालात, असाच त्यांचा अर्थ निघत होता. फुटपाथवर प्रतीकात्मक शवपेट्याही मांडल्या गेल्या. मग युद्धसमर्थक मंडळीही झेंडे घेऊन तिथेच येऊ लागली. दोन्ही बाजूंच्या घोषणांमधून वाट काढत जखमींचे आईवडील, पत्नी आणि मुले आत जात होती.

आंदोलकांची बाजू

ही बाजू हलक्यात घेण्यासारखी नाही. सरकारला युद्धाचा विजय दाखवायचा असतो, जखमा दाखवायच्या नसतात. डोव्हर हवाई तळावर उतरणाऱ्या सैनिकांच्या शवपेट्यांची छायाचित्रे घेण्यावर अमेरिकेत १९९१ पासून बंदी होती. ती २००९ मध्ये उठली, तीही कुटुंबाची संमती असेल तरच. म्हणजे इराक युद्धाच्या सर्वांत रक्तरंजित वर्षांत लोकांना शवपेट्या दिसत नव्हत्या. जी किंमत लपवली जाते ती जिथे आहे तिथे जाऊन दाखवायची, असा आंदोलकांचा युक्तिवाद होता. 'सैनिकांचा अपमान होतो' ही ओरड अनेकदा युद्धावरचे प्रश्न दाबण्यासाठीच होते, हेही खरे.

कायदाही आंदोलकांच्या बाजूचा आहे. 'स्नायडर विरुद्ध फेल्प्स' या खटल्यात २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी निकाल दिला. एका चर्चच्या लोकांनी इराकमध्ये मरण पावलेल्या सैनिकाच्या अंत्यविधीच्या वेळी अत्यंत द्वेषपूर्ण फलक धरले होते. तरीही सार्वजनिक जागेवरचे, सार्वजनिक प्रश्नावरचे ते भाष्य न्यायालयाने संरक्षित मानले. मात्र अधिकार आहे म्हणून कृती योग्य ठरते, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. औचित्य आपले आपणच तपासायचे असते.

धम्माची कसोटी

तथागतांनी सम्यक वाणीच्या पाच खुणा सांगितल्या आहेत. ती योग्य वेळी बोललेली असावी, सत्य असावी, सौम्य असावी, हितकारक असावी आणि मैत्रीच्या चित्ताने बोललेली असावी. इराक युद्ध खोट्या कारणावर उभे होते, हे वाक्य सत्य आहे. संसदेसमोर, संरक्षण खात्यासमोर, वर्तमानपत्रात ते हितकारकही आहे. पण काल पाय कापला गेलेल्या विशीतल्या मुलाच्या खिडकीखाली तेच वाक्य फलकावर लिहिले, तर त्याचे कोणते हित होते? तो युद्ध थांबवू शकत नाही. तिथून उठून जाऊही शकत नाही.

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला, तेव्हाची सिद्धार्थाची भूमिका बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मांडली आहे. सेनापतीने संघाच्या सभेत युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने त्याच सभेत उभे राहून विरोध केला. दोघे आपले, दोघे त्यांचे आणि या चौघांनी निवडलेला पाचवा अशा पंचांकडून तंटा सोडवावा, असा पर्यायही दिला. बहुमत विरोधात गेले, तरी तो मागे हटला नाही आणि त्याची किंमत त्याने गृहत्यागाने मोजली. युद्धाचा निर्णय जिथे होत होता तिथेच त्याने विरोध केला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आजाऱ्याजवळ मात्र तथागत वेगळ्या रीतीने गेले. विनयपिटकात एका भिक्खूची हकिकत आहे. पोटाच्या आजाराने तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः अंघोळ घातली, उचलून बिछान्यावर ठेवले आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा आहे, असे भिक्खूंना सांगितले. त्या भिक्खूपुढे त्यांनी प्रवचन मांडले नाही.

आपल्या काळात थिक न्यात हान्ह यांनी हेच केले. व्हिएतनाम युद्धाला विरोध केल्यामुळे त्यांना दीर्घकाळ मायदेशाबाहेर राहावे लागले. पुढे त्यांनी अमेरिकेत त्याच युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी ध्यान शिबिरे घेतली. युद्धाला विरोध करताना सैनिकावर करुणा ठेवता येते, याचे हे उदाहरण आहे.

जखमी स्वतः बोलतो तेव्हा

जखमी सैनिकानेच युद्धाविरुद्ध आवाज उठवला, तर गोष्ट वेगळी होते. एप्रिल १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या शेकडो सैनिकांनी आपली पदके वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या पायऱ्यांवर फेकली. छातीखाली लुळा झालेला रॉन कोविक १९७२ मध्ये व्हीलचेअरवरून रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात शिरला. १९७४ मध्ये माजी सैनिकांच्या रुग्णालयांच्या दुरवस्थेविरुद्ध त्याने आणि त्याच्या साथीदारांनी एका सिनेटरच्या कार्यालयात ठाण मांडून उपोषण केले. या सैनिकांनी संसद, अधिवेशन आणि सिनेटरचे कार्यालय निवडले, कारण उत्तर देणारे लोक तिथे बसत होते.

वॉल्टर रीडचे पुढे काय झाले, तेही पाहू. फेब्रुवारी २००७ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या डेना प्रीस्ट आणि अॅन हल यांनी तिथल्या 'बिल्डिंग १८'ची स्थिती उघड केली. बुरशी लागलेल्या भिंती, उंदीर, झुरळे आणि कागदपत्रांच्या जंजाळात महिनोन्महिने अडकलेले जखमी सैनिक. रुग्णालयाच्या प्रमुखांना पदावरून हटवले गेले, लष्करमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. फाटकावर झेंडे आणि फलक घेऊन दोन गट भांडत होते. बदल घडला तो आत जाऊन सैनिकांचे ऐकून घेणाऱ्यांमुळे. शिवाय सैनिकांच्या सन्मानाची भाषा करणाऱ्या सरकारचेही पितळ त्यातून उघडे पडले.

आपल्यासाठी धडा

आपल्या समाजाचे सैन्याशी जुने नाते आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, आजही आपल्या वस्त्यांतील मुले भरतीसाठी पहाटे धावतात. पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीत पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. तिथले अनेक सैनिक कष्टकरी घरांतून येतात. युद्धाचा निर्णय घेणाऱ्यांची मुले त्या खाटांवर क्वचितच असतात. म्हणून युद्धविरोध हा आपला विषय आहे आणि सैनिकाचे दुःखही आपलेच आहे.

जागा निवडण्याचे शिक्षणही आपल्याला बाबासाहेबांकडूनच मिळाले आहे. १९२७ मध्ये ते चवदार तळ्यावर गेले, कारण हक्क तिथेच नाकारला जात होता. १९३० मध्ये सत्याग्रह काळाराम मंदिराच्या दारात झाला, कारण दार तिथेच बंद होते. दोन्ही ठिकाणी समोर उभा असलेला माणूस अन्यायाला जबाबदार होता.

लष्करी रुग्णालयाबाहेर उभे राहण्याआधी कार्यकर्त्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आपण ज्याच्यापुढे बोलतो आहोत, त्याच्या हातात निर्णय आहे का? आतल्या जखमींनी आणि त्यांच्या घरच्यांनी आपल्याला बोलावले आहे का? त्यांच्या उपचारासाठी, पेन्शनसाठी आपण आधी काही केले आहे का? तिन्हींचे उत्तर नाही असेल, तर फलक उचलून संसदेसमोर, मंत्रालयासमोर, खासदाराच्या कार्यालयासमोर जावे आणि तिथे आवाज अजिबात कमी करू नये. रुग्णालयात जायचेच असेल, तर फलक बाहेर ठेवून जावे. रक्त द्यावे, अर्ज भरायला मदत करावी, आईवडिलांशी बोलावे. त्या सैनिकाला उद्या युद्धाविरुद्ध बोलावेसे वाटले, तर त्याच्यासाठी व्यासपीठ उभे करणे हे आपले काम आहे.