ढगाचा माथा पाहून पाऊस मोजणारे

परवा एका चर्चासत्रात एका विद्वानांनी पर्जन्यमापकाची उत्तरक्रिया उरकली. त्यांचं म्हणणं असं: उपग्रह दर अर्ध्या तासाला अख्खा देश न्याहाळतो, चार-चार किलोमीटरचे तुकडे पाडून. मग तहसील कचेरीच्या आवारातलं ते वीतभर तोंडाचं नसराळं कशाला पोसायचं? त्यात पाला अडकतो, कारकून घरबसल्या आकडे लिहितो. टाळ्या पडल्या.

आता हा उपग्रह नेमकं काय पाहतो? ३६,००० किलोमीटरवरच्या त्याच्या अवरक्त कॅमेऱ्याला पाऊस दिसत नाही. दिसतो तो ढगाचा माथा, आणि तोही किती थंड आहे एवढंच. माथा थंड म्हणून ढग उंच, ढग उंच म्हणून पाऊस जोराचा, असा हा तर्क. १९८०च्या दशकात रूढ झालेल्या एका पद्धतीत तर माथा २३५ केल्विनच्या, म्हणजे उणे ३८ अंश सेल्सिअसच्या खाली गेला की तासाला ३ मिलिमीटर धरायचे आणि मोकळं व्हायचं. उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर महिन्याची बेरीज काढायला ते चालून गेलं.

आमच्या सह्याद्रीत ते चालत नाही. जुलैत ताम्हिणीत उभं राहून बघा. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा कड्याला धडकून वर चढते आणि तिथेच रिकामी होते. हा ढग बुटका. त्याला बर्फाची गरजच नसते. थेंबाला थेंब मिळतो, जड होतो आणि कोसळतो. खाली वायपर हात टेकतो, चार पावलांवरची म्हैस दिसेनाशी होते, आणि वरून कॅमेरा सांगतो, 'माथा ऊबदार आहे, काळजी नसावी.' महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, तो बराचसा असाच, न गडगडता. उलट परतीच्या पावसातला ढग वर ऐरणीसारखा पसरतो. त्याच्या कडेखाली अंगणात पापड वाळत असतात, पण माथा गारठलेला म्हणून तिथेही पाऊस मांडला जातो. गर्जेल तो पडेल काय, हे आजीला ठाऊक होतं. डोंगर, वारा आणि दमटपणा यांच्या दुरुस्त्या जोडलेल्या नव्या पद्धती आहेत, हे मान्य. पण दुरुस्तीचं माप शेवटी कशावर ताडून पाहता? त्याच नसराळ्यावर ना?

मला यात जुनं भांडण आठवतं, नजरअंदाज पैसेवारीचं. बांधावर उभं राहायचं, हिरवं दिसलं की पीक चांगलं. कणसात दाणा भरलाय का, हे बघायला चिखलात कोण उतरणार? तेव्हाही आम्ही ओरडत होतो, तेव्हाही टाळ्या दुसऱ्यांनाच मिळाल्या.

राहिला पाला. 'मेघा-ट्रॉपिक्स' हा उपग्रह २०११ मध्ये अवकाशात गेला आणि त्यावरचं पाऊस पाहणारं मुख्य सूक्ष्मलहरी उपकरण २०१३ मध्ये बंद पडलं. तिथला पाला काढायला कोण जाणार होतं?

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३, हा दाखला विद्वानांनी मापकांविरुद्ध दिला. मला तर तो मापकं वाढवा असं सांगणारा वाटतो.

अवरक्त चित्रं फेकून द्या, असं मी म्हणत नाही. भर समुद्रात मापक कोण रोवणार? तिथे आणि चक्रीवादळात तीच आधार. सूक्ष्मलहरी उपकरणांना ढगातले थेंब नि बर्फ जाणवतात, पण ते उपग्रह एका जागेवरून दिवसातून मोजक्या वेळाच जातात. मधल्या तासांची फट अवरक्त भरतं. या दोन्हींना जमिनीवरच्या मापाचा लगाम हवा, इतकंच. सकाळी साडेआठला काचेचं माप डोळ्यांसमोर धरून आकडा वाचणारा माणूस घाटात तरी गावागणिक हवा. त्याला पगार द्यावा लागेल. चर्चासत्राच्या जेवणावळीत त्याचे काही महिने सहज निघाले असते.